आईसाठी ऑपरेटिंग सिस्टीम

आमच्या आईचा सपोर्ट मार्चअखेर संपणार असल्याची सूचना फ्रीजच्या दारावर झळकली, तेव्हा आई त्याच फ्रीजमधून दही काढत होती. तिने सूचना वाचली, दार आपटलं आणि अत्यंत गोड शब्दांत म्हणाली, "किती वेळेवर कळवलं त्यांनी! मनापासून आभार."

आपटलेलं दार आणि मनापासूनचे आभार यांचा मेळ बसत नव्हता. पण आमच्या घरात तो गेली दोन वर्षं बसत नव्हता आणि आम्हाला त्याची सवय झाली होती.

नीट सांगतो. माझी आई, रोहिणी जगदाळे, कराड आगारात कंडक्टर होती. गाडी कराड–चिपळूण. कुंभार्ली घाटात समोरून ट्रक आला तर ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा नाही, आईला खिडकीतून बोलायला सांगायचा. निवृत्ती जवळ आली असताना तिच्या घशात गाठ निघाली, आणि ऑपरेशनमध्ये गाठीबरोबर स्वरयंत्रही गेलं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हे महत्त्वाचं. आगारातले लोक मात्र चांगली चालती गाडी भंगारात गेल्यासारखे हळहळले.

तोपर्यंत विज्ञानाने यावर उपाय काढलेला होता. माणूस आवाज न काढता नुसती जीभ आणि ओठ हलवून बोलला, तरी मेंदू हनुवटीखालच्या स्नायूंना आज्ञा पाठवतच असतो, आणि आज्ञा म्हणजे शेवटी बारीकशी वीज. हनुवटीखाली बांधायचा बोटभर पट्टा ती वीज मोजतो. घरातला संगणक त्या विजेचे शब्द करतो आणि गळ्यात अडकवलेल्या, बिल्ल्याएवढ्या स्पीकरमधून ते शब्द बाहेर पडतात. मध्ये फक्त अर्ध्या श्वासाचा उशीर.

आवाजही आईचाच. त्यासाठी कंपनीला तिच्या जुन्या बोलण्याची रेकॉर्डिंग हवी होती आणि आमच्याकडे एकही नव्हती. शोधाशोध केल्यावर प्रवाशांनी गुपचूप काढलेले व्हिडिओ सापडले, सगळे तक्रारींना जोडलेले. 'दारात काय उभे राहता, दार सासऱ्यानं दिलंय का?' अशा स्वरूपाचे. त्यामुळे आईचा नवा आवाज संपूर्णपणे भांडणांपासून बनवलेला होता. त्या आवाजात ती "या, बसा, भेटून आनंद झाला" म्हणायची तेव्हा पाहुणे बसायचे, पण ताबडतोब.

आणि ती खरंच तसं म्हणायची. आम्हाला वाटलं, मरणाच्या दारातून परत आलेला माणूस निवळतो. चेहरा निवळलेला दिसत नव्हता. पण चेहऱ्याचे स्नायू काही काळ आखडलेले राहतील, असं डॉक्टर म्हणालेच होते.

माझं लग्न या ऑपरेशननंतरचं. माझी बायको ईश्वरी हिने आई पाहिली ती ही अशीच. रोज संध्याकाळी ऑफिसहून आली की ती आईशेजारी बसून दिवसभराचं सगळं सांगायची. बॉसचं, धाकट्या बहिणीचं, अधूनमधून माझंही. आई शेवटी म्हणायची, "तुझं अगदी बरोबर आहे, बाळा." कॉलनीतल्या बायका हे दृश्य बघायला आपापल्या सुनांना घेऊन यायच्या. शेजारचे कुलथे काका तर रोज यायचे. त्यांना मुतखडा झाला होता, तो पडला होता, आणि त्या दोन घटनांच्या मधला काळ ते क्रमशः सांगत होते. आई म्हणायची, "पुढे काय झालं?"

आता हे सगळं ज्याच्यावर चालायचं ती 'मधुघर नऊ' ही ऑपरेटिंग सिस्टीम बंद होणार होती. मार्चअखेरीनंतर पट्टा राहील, स्पीकर राहील, आई राहील, पण आईचा आवाज नाही. 'मधुघर दहा' आमच्या जुन्या संगणकावर चालणार नव्हती. नवा संगणक दाखवायला कंपनीचा एक टापटीप माणूस घरी आला.

"दहामध्ये आईंना बोलण्याचेही कष्ट नाहीत," तो म्हणाला. "समोरच्याला काय ऐकायला आवडेल हे ओळखून सिस्टीम परस्पर बोलते."

"मग आई काय करणार?" मी विचारलं.

"आराम."

आई म्हणाली, "फारच सुंदर सोय आहे," आणि त्याच्या पुढ्यातली बिस्किटांची बशी उचलून आत घेऊन गेली.

मग मी 'पाणवठा' बघायला घेतला. पाणवठा ही मुक्त सिस्टीम. तिचा मालक कुणी नाही, ती कुणीही घ्यावी, उघडून बघावी, बदलावी आणि बदल बरा असेल तर सगळ्यांना द्यावा. जुन्यातल्या जुन्या संगणकावर ती चालते. जगभरातली माणसं आपापली कामं सांभाळून ती बांधत असतात. गंमत म्हणजे ती बंद होत नाही. कारण बंद करायची तर कुणाला विचारायचं हेच कुणाला माहीत नाही.

आमच्याकडे घरात काहीही नवं आणायचं तर दिगंबरमामाला बोलावतात. मामा आयुष्यभर लोकांची लग्नं जुळवत आला. त्याला चौकशीची एकच पद्धत माहीत आहे.

"स्थळ कुठलं?" मामाने विचारलं.

"सगळीकडचं."

"वडील काय करतात? म्हणजे, मालक कोण?"

"कुणी नाही."

"मग काम करणाऱ्यांना पगार कोण देतं?"

"बहुतेकांना कुणीच नाही. ते दुसरीकडे नोकऱ्या करतात आणि उरलेल्या वेळात हे करतात."

"का?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अजून नाही. मी म्हणालो, "सगळं उघडं असतं मामा. काही लपवाछपवी नाही. एकेक ओळ वाचता येते."

"तू वाचलीस?"

"नाही."

"मग?"

"कुणीतरी वाचली असेल की."

"आपल्याकडची निम्मी लग्नं अशीच झालीत," तो म्हणाला. "टिकली पण. घे."

पाणवठ्याची एक सोय मला फार आवडली. ती बसवून घेण्याआधी वापरून बघता येते. सगळी सिस्टीम एका पेनड्राइव्हवर मावते. ड्राइव्ह लावून संगणक सुरू केला की पाणवठा, काढून पुन्हा सुरू केला की मधुघर, जसंच्या तसं. मदतीला त्यांचा एक 'कट्टा' आहे. तिथे प्रश्न टाकला की कुणीतरी उत्तर देतं. मला शर्वाणी गोसावी भेटल्या. त्या अंबाजोगाईच्या दंतवैद्य. दिवसभर लोकांची तोंडं उघडी ठेवतात आणि दवाखाना मिटला की पाणवठ्याचा बोलण्याचा भाग सांभाळतात. त्यांनी मला ओळखदेखील न विचारता तीन वेळा सगळं समजावलं. तिसऱ्या वेळी मला समजलं. पट्ट्याची ओळख पटावी म्हणून आईला थोडा वेळ नुसते ओठ हलवत काहीतरी वाचायला सांगितलं. तिने तिकिटांचे नियम पाठ म्हटले.

रविवारी चहाच्या वेळी मी ड्राइव्ह लावला. कुलथे काका आलेले होते. ईश्वरी चहा गाळत होती. काका म्हणत होते, "तर वहिनी, सोनोग्राफीवाला म्हणतो, काका, असा खडा मी बघितला नाही…"

"कुलथे," आई म्हणाली, "तो खडा पडला तेव्हाच गोष्ट संपायला हवी होती."

खोलीत काहीतरी फुटल्यासारखं झालं. फुटलं काहीच नव्हतं. आवाज आणि शब्द दोन वर्षांत पहिल्यांदा एकमेकांना भेटले होते. तो आवाज याच शब्दांसाठी बनलेला होता.

काकांनी कप ठेवला. आई स्वतःच दचकली होती. तिने स्पीकरला हात लावून बघितला. मग, धरणाचं एक दार उघडल्यावर बाकीची कशाला अडवायची अशा हिशेबाने तिने हॉलभर नजर फिरवली.

"आणि हे पडदे," ती म्हणाली. "हे पडदे बघून मला रोज वाटतं, आता घाट लागणार आणि मागच्या सीटवर कुणीतरी ओकणार."

पडदे ईश्वरीने निवडलेले होते. दिवाळीत. आईला विचारून. मग आईने फारच स्तुती केली म्हणून तिने दोन्ही खोल्यांना तेच लावले होते, आणि उरलेल्या कापडाचे अभ्रे शिवले होते.

माझं नाव शौर्य आहे. आमच्या वर्गात सहा शौर्य होते, त्यांच्यात मिळून एकाला पुरेल एवढंही नव्हतं. मी ड्राइव्ह उपटला आणि संगणक पुन्हा सुरू केला.

"पडदे अप्रतिम आहेत, बाळा," आई म्हणाली. तिचे ओठ मात्र त्यापेक्षा बराच वेळ हलत होते.

कुलथे काका चपला न घालता घरी गेले. ईश्वरी गाळणं हातात धरून उभी होती. "म्हणजे दीड वर्ष," ती म्हणाली, "मी कुणाशी बोलत होते?"

शर्वाणींनी दुसऱ्या दिवशी उलगडा केला. मी पाठवलेली पट्ट्याच्या विजेची एकच नोंद त्यांनी दोन्ही सिस्टीमना देऊन बघितली होती. "मधुघरात मध्ये एक चाळणी आहे," त्या म्हणाल्या. "शब्द तयार झाले की ती प्रत्येक वाक्याचे तंटागुण काढते, म्हणजे हे ऐकून समोरचा दुखावेल याची शक्यता किती. गुण जास्त निघाले की वाक्य बदलून टाकते. ती लाखो घरांमधल्या बोलण्यावरून शिकलीये. वाक्यानंतर वाद झाला, तर वाक्य वाईट. वाक्यानंतर शांतता झाली, तर वाक्य चांगलं. शांतता कशामुळे झाली, हे तिला कळायची सोय नाही."

"पण आईने तक्रार का नाही केली?"

"केली असेल. बघा आठवून."

मी आठवलं. दर महिन्याला संगणक विचारायचा, 'आपण समाधानी आहात का?' आणि आई ओरडून सांगितल्यासारखं तोंड करून म्हणायची, "अत्यंत समाधानी." आमच्या घराला कंपनीकडून आदर्श ग्राहक म्हणून एक कुंडी आली होती.

आणि मग मला दिसायला लागलं की हे आमच्याच घरापुरतं नव्हतं. घरोघरी मधुघरच असल्यामुळे फोन, मेसेज, कॉलनीच्या ऑनलाइन मीटिंगा, सगळं त्याच चाळणीतून येत होतं. आमच्या कॉलनीत दोन वर्षं एकही भांडण झालेलं नव्हतं. एकही ठरावही झालेला नव्हता. पाण्याची टाकी तेवढी गळत होती, तीही प्रत्येकाच्या मते अप्रतिम.

आता प्रश्न उरला, आईला काय हवंय? मी तिला विचारलं. ती म्हणाली, "तुम्हाला जे सोयीचं, तेच मला सोयीचं." हे आईचं की चाळणीचं? चाळणी काढायची का हे चाळणीतून विचारण्यात अर्थ नव्हता. म्हणजे आईला पाणवठा हवा का हे विचारायला आधी आईला पाणवठ्यावर आणणं भाग होतं. मी ड्राइव्ह लावला.

"नको," आई म्हणाली.

मला हे अजिबात अपेक्षित नव्हतं. "अगं, पण ते तुझं बोलणं बदलतात!"

"मला सांगतोस? माझ्याच गळ्यात अडकवलंय ते. पहिले सहा महिने मी रोज शिव्या घातल्या आणि रोज आशीर्वाद बाहेर पडले."

"मग पाटीवर लिहून सांगायचंस."

"पाटीवर टोमणा लिहून होईपर्यंत समोरचा माणूस चहा पिऊन घरी गेलेला असतो." मग जरा हळू म्हणाली, म्हणजे पट्ट्याला कसंबसं कळेल इतकं हळू, "आणि मग लोक यायला लागले. सगळी नोकरी मी माणसांत काढली रे. दिवसाला दोन बस भरतील एवढी माणसं. सगळ्यांनी माझ्याकडून तिकिटं घेतली, गप्पा मारायला कुणी थांबलं नाही. आता कुलथे येतो. बायका येतात. ती पोरगी रोज येऊन बसते, सगळं सांगते मला. माझ्या तोंडानं कोण बसणारे माझ्याजवळ? बघितलंस ना, एका वाक्यात घर रिकामं झालं."

ईश्वरी त्या दिवसापासून आईशी बोलत नव्हती. जेवायला वाढत होती, औषधं देत होती, पण शेजारी बसत नव्हती. आई संध्याकाळी सोफ्याच्या एका टोकाला सरकून बसायची, दुसरं टोक मोकळं ठेवून.

मी कट्ट्यावर सगळं लिहिलं. आईचा आवाज जाऊ नये म्हणून पाणवठा हवा आहे, पण आईला मधुघराची चाळणीही हवी आहे. असं काही होतं का? खरं तर मला वाटलं, ही माणसं मला हाकलून देतील. ज्यांनी सगळा उद्योग कुणी आपल्या मशीनमध्ये ढवळाढवळ करू नये म्हणून मांडला, त्यांच्याकडे मी ढवळाढवळ मागायला गेलो होतो.

कट्ट्यावर तुफान चर्चा झाली. चिलीमधला एक पियानोचे सूर जुळवणारा म्हणाला, बोलणाऱ्याचे शब्द बोलणाऱ्याचेच, चाळणी म्हणजे चोरी. एस्टोनियातल्या पोस्टमास्तरीणबाई म्हणाल्या, जग दुष्ट आहे, म्हातारीला थोडं गोड राहू द्या. त्यांचं आपसात इतकं जुंपलं, इतकं मोकळेपणाने जुंपलं, की मला हेवा वाटला. चाळणीशिवाय भांडणारी माणसं मी बऱ्याच काळाने बघत होतो. शेवटी शर्वाणींनी लिहिलं, 'आपल्या सगळ्यांना ही चाळणी नापसंत आहे. पण मशीन काकूंचं आहे. काकूंना हवी असेल तर आपण बांधून देऊ. चालू करायची की बंद, हे मात्र काकूंच्याच हातात राहील. बाकी कुणाच्याही नाही.'

आणि त्यांनी बांधायला घेतली! जे आपल्याला पटत नाही ते, जिला कधी भेटलो नाही तिच्यासाठी, एका पैशाची अपेक्षा न ठेवता. पियानोवाला सगळ्यांत जास्त विरोध करत होता, तोच सगळ्यांत जास्त राबला. मामाच्या त्या 'का'चं उत्तर मला तेव्हाही देता आलं नसतं, पण प्रश्न ऐकून आदराने उभं राहावंसं वाटलं असतं.

फक्त एक अडचण होती. चाळणीला मराठी टोमणे माहीत नव्हते. तिला शिकवायला नमुने हवे होते. शर्वाणींनी दोन रकान्यांची एक फाइल पाठवली. डावीकडे काकू खरं जे बोलतात ते, उजवीकडे त्याऐवजी काय ऐकू यावं ते. 'आणि उजवा रकाना,' त्यांनी लिहिलं, 'ऐकणाऱ्याने भरावा. ज्याला ते रोज ऐकायचंय त्याने.'

मी ईश्वरीला विचारलं. ती म्हणाली, "माझाच अपमान मीच गोड करून लिहू?" तरीही ती आली. सोफ्यावर नाही, समोरच्या खुर्चीत बसली, मांडीवर कीबोर्ड घेऊन. मी ड्राइव्ह लावला.

"हं, बोला," ती भिंतीकडे बघून म्हणाली.

आईने घसा खाकरल्यासारखं केलं. "हा उपमा आहे का भिंतीला भरायची लांबी?"

ईश्वरीने डावीकडे टाइप केलं. मग उजवीकडे: 'उपमा जरा घट्ट झालाय.'

"शौर्यला काही विचारू नकोस. तो दोन्ही बाजूंना मान हलवतो, टेबलफॅन आहे तो."

ईश्वरीने उजवीकडे लिहिलं: 'शौर्य सर्वांना समजून घेतो.' तिच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. मी खोलीतच होतो. कुणाला फरक पडला नाही.

"तुझा तो साहेब कामं तुझ्यावर ढकलतो आणि तू मला येऊन विचारतेस तुझं काय चुकलं. हेच चुकलं, मला विचारतेस. त्याला जाऊन विचार, डोळ्यांत बघून."

ईश्वरीची बोटं थांबली. "हे तुम्ही कधी म्हणाला होतात?"

"महिनाभर रोज म्हणत होते."

"मला ऐकू आलं, 'संयम ठेव, बाळा.'"

"मी? मी संयम म्हणाले?" आईला हा फारच मोठा अपमान वाटला. "पुढचं लिही. तुझी बहीण फोनवर रडते, रडून तिचं पोट भरतं, ती झोपते. आणि तू जागी. तिला सांग, रड, पण दिवसा फोन कर."

ईश्वरीने डावीकडे लिहिलं. उजवा रकाना तसाच ठेवला. तिने आता भिंतीकडे बघणं सोडलं होतं.

"आई," ती म्हणाली, "एक विचारू? माझे पप्पा गेले तेव्हा मी तिकडून परत आल्यावर तुमच्याजवळ येऊन बसले होते. तुम्ही म्हणालात, 'या दुःखद प्रसंगी मी आपल्यासोबत आहे.' मला तेव्हा वाटलं होतं… जाऊ दे. बँकेचा मेसेज यावा ना, तसं वाटलं होतं. तुम्ही खरं काय म्हणाला होतात?"

आईने मान खाली घातली.

"आठवत नाही?"

"आठवतं की." आईची हनुवटी हलायला लागली, आणि अर्ध्या श्वासाने तो आवाज आला, तोच, दारातल्या प्रवाशांवर ओरडणारा. "मी म्हणाले, मेले, किती रडशील, डोळे बघ भजी झालीत. ऊठ. दोन घास खा आधी. बाप गेलाय तुझा, मी अजून मेले नाही."

ईश्वरीने शब्दनशब्द टाइप केला. मग ती उजव्या रकान्यात आली. कर्सर उघडझाप करत राहिला.

"लिही काहीतरी," आई म्हणाली. "त्यांना पाठवायचंय ना."

"काय लिहू?" ईश्वरीने बोटं कीबोर्डवरून उचलली. "यातलं काय काढू? हे गोडच आहे!"

मला तेव्हा कळलं की त्या लाखो घरांमधून शिकलेल्या चाळणीचं नेमकं काय चुकलं होतं. ओरडणं म्हणजे तंटा, एवढंच तिला माहीत होतं. आमच्या आईची माया ओरडण्याच्या आत बांधलेली असते, डब्यात भाकरी बांधतात तशी. चाळणीने डबा वाईट दिसतो म्हणून भाकरीसकट फेकून दिला होता आणि आम्हाला रोज स्वच्छ रिकामा रुमाल आणून दिला होता.

ईश्वरी फाइलच्या वर गेली. उपम्यापासून. 'उपमा जरा घट्ट झालाय' खोडलं, आणि डावीकडचं वाक्य उचलून उजवीकडे ठेवलं. मग पुढचं.

"माझ्याबद्दलचं राहू दे की," मी म्हणालो.

"टेबलफॅन," ईश्वरी म्हणाली आणि ते उजवीकडे चिकटवलं.

आई हे बघत होती. "पोरी," ती म्हणाली, "नीट विचार कर. हे असं रोज ऐकायला लागेल. आणि कुणी यायचं नाही आपल्याकडे बसायला. बायका नाहीत, कुलथे नाही."

"मी बसेन की."

"कंटाळशील."

"कंटाळले तर तोंडावर सांगेन. आणि तोंडावर सांगायचंच आहे तर आत्ता ऐका," ईश्वरी खुर्चीवरून उठली. "तो पडद्यांचा रंग मला आवडलेला नव्हता. मला निळे हवे होते. तुम्ही 'अप्रतिम' म्हणालात म्हणून घेतले!"

"मी म्हणाले होते, हे घेतलेस तर मी घर सोडेन!"

"मला काय माहीत? तोंड वेंगाडलं असतंत जरा!"

"वेंगाडलं होतं! तुम्ही सगळे म्हणालात स्नायू आखडलेत!"

आमच्या घरात ते दोन वर्षांतलं पहिलं भांडण. रंगलंही छान. ईश्वरी केव्हातरी भांडता भांडता सोफ्याच्या मोकळ्या टोकाला जाऊन बसली, आणि तिथून भांडणं तिला जास्त सोयीचं झालं. मी फाइल पाठवून दिली आणि पाणवठा बसवायला घेतला. स्क्रीनवर विचारणा आली, 'जुनं सगळं पुसलं जाईल. नक्की?' आईने ईश्वरीला हाताने जरा थांब म्हणून खूण केली, स्वतः पुढे आली आणि 'नक्की' दाबलं. तिच्या तर्जनीत अजून तिकीट मशीन दाबायचा जोर होता. तिथेच खाली चाळणीचा चौकोन होता, रिकामा. त्याच्याकडे तिने बघितलं. नाही दाबला.

थोड्या वेळाने कट्ट्यावर शर्वाणींचा निरोप आला. 'काकू, फाइल मिळाली. पण दोन्ही रकान्यांत तीच वाक्यं आली आहेत. काही चूक झाली का?' खाली पियानोवाल्याने स्वतःचा एक फोटो टाकला होता. आईसाठी जागून काढलेल्या त्या आठवड्यातला, हातात कॉफीचा मग, डोळ्यांखाली काळं.

"उत्तर लिही," आई म्हणाली. ईश्वरीने कीबोर्ड ओढला.

"चूक नाही म्हणावं. डोळ्यांनी बघून दिलंय. ती चाळणी ज्यांना लागते त्यांना द्या, आमच्याकडं नको. आणि त्या चिलीच्या बाप्याला सांग, गळ्याची हाडं दिसतायत फोटोत. आधी जेव म्हणावं, मग संगणक. निघालेत सगळे लोकांची तोंडं दुरुस्त करायला, स्वतःचं तोंड हलवतात का कधी दोन घासांसाठी? कॉफी पिऊन कुणी जगतं का?"

ईश्वरी भराभर टाइप करत होती. एका ठिकाणी ती अडली.

"आई, 'बाप्या'च्या जागी 'गृहस्थ' घालू का? जगभरचे लोक वाचतात हे."

आईने तिच्याकडे नुसतं बघितलं. स्पीकरमधून काही आलं नाही.

"बरं, बाप्या," ईश्वरी म्हणाली आणि पाठवून दिलं.